कर देतो, हिशेब द्या!

(दिवसपाळी सुटल्यावर गिरणीच्या फाटकासमोर झालेल्या सभेतील भाषण)



पाळी सुटून तुम्ही इथे उभे राहिलात. अंगावरचा कापूस अजून झटकलेला नाही, घरी पोरं वाट बघताहेत, तरी थांबलात. तेव्हा लांबण लावणार नाही. आम्ही काही पंडित नव्हे. आमची शाळा चौथीत सुटली आणि पुढचं शिक्षण रिंग खात्यात झालं. पण पगाराच्या चिठ्ठीवरचे आकडे आम्हांला वाचता येतात. आज बोलायचं आहे ते त्या चिठ्ठीवरच.

चिठ्ठी काढा खिशातून. वजावटीच्या रकान्यात बघा. पहिली ओळ प्रॉव्हिडंट फंडाची. तो पैसा आपलाच, म्हातारपणी परत येईल. दुसरी ओळ राज्य विम्याची. आजारी पडलो तर दवाखाना मिळतो, निदान मिळायला पाहिजे. आणि तिसरी ओळ? 'व्यवसाय कर, रुपये २००.' फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २,५००.

परवा आम्ही आपल्याच खात्यातल्या वीस जणांना विचारलं, हा कर कशासाठी कापतात? एकालाही सांगता आलं नाही. एक म्हणाला, "कापतात म्हणून कापतात." दुसरा म्हणाला, "आमदारांच्या पगाराला." तिसरा डॉफर पोरगा हसून म्हणाला, "आपण गिरणीत काम करतो त्याचा दंड असेल!" सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर हसू आलं नाही. कारण ज्याला आपण दंड म्हणून हसतो, तो कर एका फार मोठ्या कामासाठी आपल्याकडून मागून घेतलेला आहे. ते काम काय, हे आपण विसरलो. आणि आपण विसरलो हे सरकारच्या पथ्यावर पडलं.

ती हकीकत सांगतो. पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे आपलं निवेदन ठेवलं. त्यात त्यांनी इंग्रज सरकारला तोंडावर सांगितलं की, तुमचा बहुतेक महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, आणि त्या रयतेच्या पोरांच्या शिक्षणावर मात तुम्ही जवळजवळ काहीच खर्च करत नाही. फुल्यांनी 'कर बंद करा' एवढंच म्हणून भागवलं नाही. पैसा कुणाचा आणि खर्च कुणावर, हा जाब त्यांनी विचारला. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे नारायण मेघाजी लोखंडे हे त्यांचेच सहकारी. म्हणजे हा सवाल आपल्या चळवळीत कुठून बाहेरून आलेला नाही. आपल्या घरातलाच आहे.

आता दुसरी गोष्ट, खास कापडाची. १८९६ साली इंग्रज सरकारने हिंदी गिरण्यांतल्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली. कशासाठी? मँचेस्टरच्या कापडाला इथे आयात कर पडतो, मग इथल्या कापडालाही पडला पाहिजे, असा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा हट्ट होता. ही जकात जवळजवळ तीस वर्षं चालली. १९२५ साली मंदी आली. मालकांनी काय केलं? सप्टेंबर १९२५ पासून मुंबईच्या कामगारांच्या पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. म्हणजे सरकारने मालकावर बसवलेला बोजा मालकाने उचलून कामगाराच्या डोक्यावर ठेवला.

तेव्हा परळ, लालबाग, शिवडी, सगळीकडची धुराडी थंड पडली. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर आले. दसरा गेला, दिवाळी गेली, कोकणातली माणसं गावाकडे निघून गेली, पण संप मोडला नाही. अखेर डिसेंबर १९२५ मध्ये सरकारने जकात स्थगित केली, पुढच्या वर्षी ती कायमची गेली, आणि पगारकपात मालकांना मागे घ्यावी लागली.

आपल्यातल्या कित्येकांचे पणजे त्या संपात होते. त्यांनी आपल्याला एक धडा ठेवला आहे. कराचा बोजा वरून खाली आपोआप येतो. सवलत मात्र आपोआप खाली येत नाही. ती ओढून आणावी लागते. मालकांच्या खिशात सवलत पडली म्हणून पगार वाचला नाही. संप होता म्हणून वाचला.

बरं, ते परक्यांचं सरकार होतं. आता आपल्या राज्याची गोष्ट ऐका.

१९७२ चा दुष्काळ तुम्ही वडीलमंडळींच्या तोंडून ऐकला असेल. विहिरी आटल्या, जनावरं गेली, बायाबापड्या रस्त्यावर खडी फोडायला बसल्या. सुकडीवर पोरं जगली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्या काळात रोजगार हमीची कल्पना पुढे आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांनी आधी तिचा प्रयोग करून पाहिला होता. कल्पना साधी: गावात जो अंगमेहनतीचं काम मागेल त्याला काम द्यायचं. भीक नाही, उपकार नाही, हक्काचं काम. पुढे १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. साऱ्या देशात असा कायदा तेव्हा दुसरीकडे नव्हता.

पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर, धंदेवाल्यांवर हा व्यवसाय कर बसला. आणि नुसता कर नाही, सरकारने शब्द दिला: कराचा जेवढा पैसा जमेल, तेवढीच भर सरकार आपल्या तिजोरीतून घालील, आणि दोन्ही मिळून रोजगार हमी निधीत जातील.

बंधूंनो, आता चिठ्ठीवरची ती तिसरी ओळ पुन्हा वाचा. तो दंड नव्हे. गिरणीतल्या भावाने गावातल्या भावाला दिलेला हात आहे तो. आमचा एक भाऊ गावाकडे कोरडवाहू दोन एकरांवर राहिला, आम्ही गिरणीत आलो. आम्ही सायडर म्हणून साच्यावर उभे राहायचे आणि त्यातून कापलेल्या पैशातून त्याने गावात पाझर तलाव खोदायचा. हा सौदा कुठल्या कामगाराने नाकारला असता? कुणीच नाही.

मग बिघडलं कुठे?

बिघडलं हिशेबात. १९८८ साली रोजगार हमीवरची मजुरी किमान वेतनाप्रमाणे करावी लागली, ती जवळपास दुप्पट झाली. न्यायच झाला तो. पण त्यानंतर कामांचे दिवस घटत गेले. काम मागणारे संपले होते काय? गावात फिरून बघा. आणि इकडे आपल्या पगारातून कापणी एक महिनाही थांबली नाही. गोळा होणारा सगळा पैसा कामावर लागला नाही, निधीत शिल्लक साठत गेली, आणि गावातला भाऊ मुंबई-पुण्याच्या बसमध्ये चढत राहिला. ऊस तोडायला टोळ्या जात राहिल्या. २००५ साली केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला आणि मजुरीचा मोठा भार तिकडे गेला. तरी आपली ओळ चिठ्ठीवर तशीच आहे. आता तो पैसा किती जमतो, त्यातला किती गावात मातीला लागतो, सरकारची बरोबरीची भर पडते की नाही, हे कामगाराला समजेल अशा भाषेत कुणी त्याच्यापुढे आणून ठेवलेलं नाही.

कुणी शहाणा वकील म्हणेल, "बाबांनो, कर आणि फी यांत फरक असतो. करावर देणाऱ्याला हक्क सांगता येत नाही." असेल. पण हा कर घेताना कारण सांगून घेतला होता ना? लग्नाला म्हणून पैसे मागून नेले आणि लग्न काही दिसेना, तर देणाऱ्याने विचारायचं नाही काय?

आणखी एक बघा. घटनेने या कराला मर्यादा घातली आहे. आधी ती वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुष कामगाराला पूर्ण २,५०० पडतात. बायांना २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे, ते चांगलं झालं. पण गणित करा. पंधरा हजार पगाराच्या कामगाराला वर्षाला २,५००. आणि दीड लाख पगाराच्या साहेबाला? तेवढेच २,५००! आपल्या शंभर रुपयांतून एक रुपया एकोणचाळीस पैसे जातात, साहेबाच्या शंभरातून चौदा पैसे. साहेबाशी आमचं वैर नाही. पण दहापट मिळवणाऱ्याच्या शंभरामागे आपल्या दहावा भाग जातो, हा कुठला तराजू?

हे एकाच कराचं रडगाणं असतं तर आम्ही गप्प बसलो असतो. पण नाव एका कामाचं आणि पैसा भलतीकडे, ही खोड वरपर्यंत आहे. माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या नावाने केंद्राने उपकर लावला. २००६-०७ ते २०१६-१७ या काळात त्याचे ८३ हजार कोटी रुपयांहून जास्त जमले, आणि ज्या निधीत ते जायचे तो निधीच उघडलेला नव्हता. हे आमचं म्हणणं नव्हे, सरकारच्याच महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलेलं आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने उपकर गोळा होतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलं की, त्या पैशातून लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रं घेतली गेली. डोक्यावर विटा वाहणाऱ्या बाईला कपडे धुण्याचं यंत्र! तिच्या झोपडीत नळ तरी आहे काय, हे कुणी विचारलं होतं?

आणि उपकराची गंमत अशी की, केंद्राने गोळा केलेल्या साध्या करांतला वाटा राज्यांना द्यावा लागतो; उपकरातला द्यावा लागत नाही. म्हणून नाव गोड ठेवून उपकर लावणं वरच्यांना सोयीचं पडतं.

चिठ्ठीवर न दिसणारा कर तर निराळाच. काडेपेटीपासून चपलेपर्यंत आपण रोज कर भरतो. ज्याचा आयकराशी संबंध नाही तो कर भरत नाही असं टाय बांधलेली माणसं म्हणतात, तेव्हा आम्हांला हसावं की रडावं कळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आणला. चांगलं केलं. पण वस्तीतल्या दुकानात आम्ही मुद्दाम जुनी-नवी वेष्टनं ताडून पाहिली. काही जिनसांचा भाव उतरला. एक-दोन ठिकाणी भाव तोच आणि वडी मात्र हलकी. १९२५ चा धडा आठवा: सवलत आपोआप खाली येत नाही.

आता आपल्या अंगावर येणारं एक बोलणार आहोत. राग मानू नका.

हे सगळं ऐकलं की आपल्यातले काही जण म्हणतात, "सगळे चोर. कर देऊच नये. सरकारवर विश्वास ठेवणारा मूर्ख." आम्हीही असंच बोलत होतो. चहाच्या टपरीवर हे बोलायला बरं वाटतं. पण त्याचा फायदा कोण घेतो, ते आम्ही डोळ्यांनी बघितलं.

आम्ही पूर्वी ज्या गिरणीत होतो तिथे मुकादम यायचा आणि कानात सांगायचा, "चिठ्ठी कशाला घेतोस? रोख घे. दोनशे कराचे वाचतील, फंडाचे वाचतील, विम्याचे वाचतील. सरकार काय देतंय तुला?" कित्येकांनी रोख घेतलं. आमच्यातल्यांनीच घेतलं, खोटं कशाला बोला. हातात चार पैसे जास्त दिसतात. कार्डिंग खात्यात एक पोरगा होता, लातूरकडचा, नुकतं लग्न झालेला. त्यानेही रोख घेतलं. एका रात्रपाळीला यंत्रात हात गेला. तीन बोटं गेली. आम्ही त्याला उचलून नेला. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो तर कचेरी म्हणते, "या नावाचा माणूस आमच्या मस्टरवरच नाही." चिठ्ठी नाही, विम्याचं कार्ड नाही, फंडाचा नंबर नाही. दवाखान्याचं बिल आम्ही पगाराच्या दिवशी फाटकावर चादर पसरून भरलं. पोरगा गावाला गेला. त्याची बायको जाताना एवढंच म्हणाली, "दादा, दोनशे रुपये वाचवले होते म्हणायचे."

बंधूंनो, त्या दिवसापासून 'कर देऊ नये' हे शब्द आमच्या तोंडातून गेले. सरकारवर आमचा विश्वास बसला म्हणून नव्हे. तर कागदावरून आपलं नाव गेलं की, आपण कर चुकवणारे होत नाही. आपण नाहीसे होतो. सरकारला जाब विचारायलाही आपण शिल्लक राहत नाही. मालकाला हेच पाहिजे असतं.

त्याच गिरणीत जे चिठ्ठी घेत होते त्यांचंही धड नव्हतं. त्यांचा कर कापला जात होता. पण तो भरला जातो काय म्हणून आम्ही चलन मागितलं, तर सहा महिने टोलवाटोलवी. शेवटी चाळीस जणांनी सह्या करून अर्ज दिला तेव्हा कळलं की, बऱ्याच महिन्यांचा भरणाच झालेला नव्हता. आपल्या पगारातून गेला, सरकारात पोचला नाही. मधल्या मधे कुणाच्या धंद्याला तो भांडवल झाला. मग तोच मालक सभेत म्हणतो, करांनी धंदा मारला! २०१९ साली कंपन्यांवरचा आयकर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला, तेव्हा आपल्या पगारात आठ रुपये तरी वाढले काय, हे त्याला विचारा.

तेव्हा आमचं म्हणणं एका वाक्याचं आहे. कर देतो, हिशेब द्या. कर बुडवणारा सरकारला नको असतो, पण हिशेब मागणारा त्याहून नको असतो. म्हणून आपण दुसऱ्या जातीचे व्हायचं.

मागण्या पाच आहेत. नीट ऐका, घरी जाऊन बायकोला, शेजाऱ्याला सांगा.

एक. प्रत्येक कामगाराला पगाराची चिठ्ठी मिळालीच पाहिजे. बदली असो, कंत्राटी असो, रोखीचा धंदा बंद.

दोन. कापलेला व्यवसाय कर सरकारात भरल्याचं चलन दर वेळी गिरणीच्या नोटीस फळ्यावर लागलं पाहिजे.

तीन. व्यवसाय कराचे किती जमले, सरकारने किती भर घातली, आणि त्यातले किती गावातल्या कामावर लागले, हा हिशेब दरवर्षी तालुक्यावार, मराठीत, छापून जाहीर झाला पाहिजे.

चार. कमी पगाराच्या पुरुष कामगारालाही बायांसारखी पंचवीस हजारांपर्यंत माफी मिळाली पाहिजे.

पाच. ज्या नावाने उपकर घेतला, त्या कामावर तो खर्च झाला नाही तर तो उपकर बंद झाला पाहिजे.

यातल्या पहिल्या दोन मागण्या मालकाकडे आहेत, त्या या फाटकावरच सोडवायच्या. तिसरीसाठी आपल्या हातात माहितीचा अधिकार आहे. २००५ चा कायदा आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे. ज्यांना लिहिता येतं त्यांनी ज्यांना येत नाही त्यांचे अर्ज लिहा. आमचं अक्षर काही मोत्याचं नाही, पण आम्ही पहिला अर्ज लिहिला आहे. एकाच्या अर्जाला साहेब टोपलीत टाकील. पाचशे अर्ज आले तर टोपली पुरायची नाही. इचलकरंजी, सोलापूर, मालेगाव, भिवंडी, जिथे जिथे साचा चालतो तिथून एकच सवाल गेला पाहिजे.

आणि एक काम याहून सोपं. दिवाळीला, शिमग्याला गावी जाल तेव्हा भावाला विचारा, "रोजगार हमीचं काम निघालं काय? किती दिवस मिळालं? मजुरी वेळेवर पडली काय?" त्याचं उत्तर कागदावर लिहून आणा. एका हातात आपली चिठ्ठी, दुसऱ्या हातात त्याचा कागद, असे आपण सरकारच्या दारात उभे राहू. त्या दोन कागदांना उत्तर देणं कुठल्याही मंत्र्याला अवघड जाईल. कारण कर देणारा आणि ज्याच्यासाठी दिला तो, दोघे एकाच आईची लेकरं आहेत.

आमचा पैसा घामाचा आहे. तो घामाच्याच कामाला लागला पाहिजे. एवढंच मागणं आहे, आणि ते मिळेपर्यंत दर पगाराच्या दिवशी याच फाटकावर सभा होईल.

आता घरी जा. पण चिठ्ठी फाडू नका. जपून ठेवा.

कामगार एकजुटीचा विजय असो!